समुद्राकडच्या टोकाचा चेंडू

१

चेंडू पांढरा होता म्हणून ही भानगड झाली. लाल असता तर कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता.

स्पर्धेला जाणाऱ्या देशाच्या संघाच्या निवड-चाचणीचा शेवटचा सामना दुपारी संपला. टाळ्या झाल्या, पोरांनी एकमेकांच्या पाठी बडवल्या, आणि दोन्ही अंपायर आपापला चेंडू घेऊन तंबूकडे आले. एकदिवसीय सामन्यात हल्ली प्रत्येक टोकाला वेगळा चेंडू लागतो. आमच्या गावच्या सामन्यांत एकच लाल चेंडू, तोही दर थोड्या वेळानं समुद्रात पडून खारवलेला. पण स्पर्धेत जसं असणार तसंच इथं हवं, असा आमचा कोच क्रॉथर हट्ट धरून बसला आणि त्यानं दोन पांढरे चेंडू मागवले. राजधानी मोरेस्बीत हा थाट आम्ही पहिल्यांदाच करत होतो.

मी रारुआ, संघाचा व्यवस्थापक. म्हणजे चेंडू पेटीत ठेवणं, उकडलेली केळी वेळेवर आणणं आणि सगळ्यांच्या शिव्या खाणं, ही तिन्ही कामं माझी. डोंगराकडच्या टोकाचा चेंडू तरुण अंपायर आरुआ हिनं माझ्या हातात दिला. मळका, खरचटलेला, जसा असायला हवा तसा. समुद्राकडच्या टोकाचा चेंडू दुसरा अंपायर, म्हणजे आमच्या चर्चचा डीकन सिसिया, यानं पुढे केला, आणि माझ्या आधी तो क्रॉथरनं उचलला.

चेंडूच्या एका बाजूला लालभडक डाग होता.

"रक्त आहे का हे?" क्रॉथरनं विचारलं.

रक्त असतं तर बरं झालं असतं. हा रंग आमच्याकडे रांगणारं मूलही ओळखतं. हिरवी सुपारी, वेलीची तिखट शेंग आणि चुना एकत्र चावले की हाच रंग तोंडात उतरतो. मी खाली बघितलं.

"बुआई," क्रॉथर स्वतःच म्हणाला. क्वीन्सलँडचा असला तरी तीन वर्षांत तो शहाणा झाला होता. "कुणीतरी बुआईची थुंकी लावलीय चेंडूला."

त्याचे नियम मोजून दोन होते. मैदानात बुआई खाल्ली की संघाबाहेर. चेंडूला थुंकी लावली की संघाबाहेर. इथे एकाच डागात दोन्ही नियम मोडले होते. समुद्राकडून जवळजवळ सगळी गोलंदाजी हेनाओनं केली होती. पाच बळी घेतले होते पठ्ठ्यानं.

संघातली बाकी सगळी नावं ठरली होती. उरली होती ती चौथ्या वेगवान गोलंदाजाची एकच जागा, आणि तिच्यासाठी दोघं होते, आमचा हेनाओ आणि हुला गावचा रेनागी. सूर्य बुडताना आमच्या हनुआबाडात, सगळ्या गावासमोर, नावं वाचायची होती. सकाळचं विमान होतं.

"हेनाओचं नाव काढा," क्रॉथर म्हणाला. "मला भांडण नको."

"काढा की," मागून आवाज आला. "पण आधी मला चहा मिळू दे."

२

गेउआ आत्या आली होती.

आत्याही संघ निवडणाऱ्यांपैकी एक. तिच्या काळात ती महिला संघाची कर्णधार होती, नंतर बरीच वर्षं गावच्या कोर्टात मॅजिस्ट्रेट. डुकरं कुणाची, कुंपण कुणी तोडलं, कुणाच्या मुलीला कुणी काय म्हटलं, असले शेकडो खटले तिनं निकालात काढले. खोटं बोलणाऱ्यावर ती कधी ओरडली नाही. ती नुसती हसून त्याच्याकडे बघत बसायची, आणि समोरचा घामानं भिजून खरं सांगून मोकळा व्हायचा. लहानपणी तिच्या डब्यातली बिस्किटं मी चोरायचो, तेव्हापासून मला ते हसणं माहीत आहे.

"मॅडम, पुरावा समोर आहे," क्रॉथर म्हणाला.

"डाग समोर आहे," आत्या म्हणाली. "पुरावा अजून यायचाय. सूर्य बुडेपर्यंत वेळ आहे ना? रारुआ, साखर तीन चमचे."

चहा पिता पिता तिनं चेंडू फिरवून फिरवून पाहिला. नखानं डाग खरवडला, वास घेतला, चष्मा कपाळावर ढकलून अगदी डोळ्याजवळ नेला. मग तिनं हेनाओला बोलावलं.

हेनाओ आला तो मान खाली घालूनच. बंदरावर ओझी उचलणारा गडी, पण आत्यासमोर शाळेतल्या मुलासारखा उभा राहिला. याआधी दोनदा शेवटच्या क्षणी त्याचं नाव गळलं होतं. तंबूच्या कडेला त्याची आई बोइओ उभी होती. तिचा नवरा तोंडाच्या कॅन्सरनं गेला, बुआईनंच. तेव्हा हेनाओनं तिला शब्द दिला होता की पुन्हा बुआईला शिवणार नाही.

"तोंड उघड," आत्या म्हणाली.

हेनाओ हलला नाही.

"उघड रे, मी काही दात मोजत नाही."

त्यानं तोंड उघडलं. जीभ लाल होती.

बोइओ वळली आणि चालू लागली. त्या पोराचा चेहरा मला बघवेना.

३

"सकाळी घरी खाल्ली, आत्या. एकच." हेनाओ घाईनं सांगू लागला. "भीती वाटत होती. आई चर्चला गेली होती, ताईच्या टोपलीतली उचलली. पण मैदानात नाही. चेंडूला तर नाहीच नाही. देवाशपथ."

"देवाला नंतर बोलावू, तो आज कामात असेल. चेंडू कुठे पुसतोस?"

"इथे." त्यानं उजव्या मांडीवर हात ठेवला. पांढऱ्या पॅंटवर मातीचे आणि गवताचे पट्टे होते.

"शेवटच्या षटकातही पुसलास?"

"प्रत्येक चेंडूआधी पुसतो. सवयच आहे."

आत्यानं त्याला जायला सांगितलं. क्रॉथर हात चोळत म्हणाला, "कबूल केलंय त्यानं, मॅडम."

"बुआई खाल्ल्याचं कबूल केलंय, तेही घरी. घरी खाल्ल्याबद्दल काढायचं तर गावातून विकेटकीपरसुद्धा मिळणार नाही तुम्हाला."

नाव काढलं आणि विकेटकीपर इगो हजर झाला. इगोचं तोंड म्हणजे बाराही महिने लाल, ते त्यानं कधी लपवलं नाही. फक्त क्रॉथरच्या धाकानं सामन्याच्या दिवशी तो च्युइंगम चघळायचा आणि तोंड वाकडं करायचा. क्रॉथरला आता त्याच्या लाल रबराच्या नव्या हातमोज्यांचा संशय आला. आत्यानं हातमोजा ओला करून आपल्या खांद्यावरच्या पांढऱ्या फडक्यावर खसाखसा घासला. फडकं पांढरंच राहिलं.

"इगो," आत्या म्हणाली, "बुआई आहे जवळ?"

इगोनं क्रॉथरकडे बघितलं. "हा प्रश्न आहे की सापळा?"

"सरकारी काम आहे. खा."

इगोला एवढा आनंद क्वचितच झाला असेल. मोज्यात खोचलेली सुपारी निघाली, चुन्याची डबी निघाली. सगळं मनसोक्त चावून झाल्यावर आत्यानं त्याला सरावाचा एक जुना पांढरा चेंडू दिला आणि अंगठ्यानं थुंकी चोळायला लावली. क्रॉथरनं तोंड फिरवलं. चेंडूवर लांबट, फिकट, अंगठ्याच्या दिशेनं ओढलेला पट्टा उमटला.

आत्यानं दोन्ही चेंडू शेजारी ठेवले. सामन्यातल्या चेंडूवरचा डाग गोल होता, गडद होता, आणि त्यात बारीक उभ्याआडव्या रेघा होत्या.

"हा चोळलेला नाही," ती म्हणाली. "हा टेकलेला आहे. ओल्या कापडाला."

"म्हणजे पॅंट!" क्रॉथर उसळला.

"पॅंट बघितलीत ना तुम्ही? माती आहे, गवत आहे. लाल कुठे आहे?"

क्रॉथर परत खुर्चीत बसला. पण मग लाल कापड कुणाचं, हे तिलाही सांगता येत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. सूर्य झाडांच्या शेंड्यांना लागला होता.

४

रेनागी स्वतःच्या पायांनी आला. बोलावलं नव्हतं.

हा हुलाचा पोरगा फारसा बोलत नसे. बुआई नाही, सिगरेट नाही, सामन्याआधी कोपऱ्यात बसून गुणगुणत भजन म्हणायचा. हेनाओ बाहेर गेला की जागा याचीच होती. आमच्यातल्या दोघातिघांनी तर आतल्या आत त्याच्यावरच ठपका ठेवला होता.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "शेवटून दुसरं षटक हेनाओचं होतं. त्याचा शेवटचा चेंडू माझ्याकडे आला. मी अडवला, माती लागली होती म्हणून माझ्या पॅंटला पुसला आणि परत दिला. पांढरा होता. डाग असता तर मला दिसला असता."

"मित्राला वाचवतोयस," क्रॉथर म्हणाला.

"मित्र?" रेनागी पहिल्यांदाच चिडला. "कोच, याच एका जागेसाठी आमची झुंज आहे! मला जागा हवीय. पण अशी नको. आयुष्यभर लोक म्हणतील, डागाच्या जोरावर आला."

आत्यानं त्याच्या गालावर हात फिरवला. "खाल्लंस का रे काही?"

"नाही."

"रारुआ, याला मासा दे, आणि भात. खऱ्याला भूक फार लागते."

रेनागी गेला. त्याच्या पॅंटवरही लाल नव्हतं, ते मी जाताना पाहून घेतलं. शेवटचं षटक डोंगराकडून, दुसऱ्या चेंडूनं, रेनागीनंच टाकलं होतं. मग सामना संपला. मला तर वाटायला लागलं की डाग आभाळातून पडला.

आत्या मात्र बाहेर बघत होती. झाडाखाली डीकन सिसिया एकटाच बसला होता. अंगात तोच लांब पांढरा कोट, ज्याशिवाय तो अंपायरिंगला उभा राहत नाही. त्याचं डोकं घामानं निथळत होतं आणि तो ते बाहीनं पुसत होता.

"रारुआ, सिसिया आज काय म्हणाला?"

"काही नाही."

"बुआईबद्दल?"

"काहीच नाही, आत्या."

"चेंडूवर बुआई सापडली, आणि सिसियाचं प्रवचन नाही?" आत्यानं चष्मा खाली ओढला. दर रविवारी हा माणूस पाऊण तास बुआईवर बोलतो. बुआई खाणाऱ्याच्या जिभेवर सैतान झोपाळा बांधतो, असं म्हणतो. गेल्या नाताळात त्यानं इगोला भर चर्चमध्ये उभं केलं होतं. आपल्या लांबलचक पांढऱ्या रुमालानं घाम पुसत, हात उंचावत, तो बोलायचा थांबत नाही.

"त्याचा रुमाल कुठे आहे?" आत्या म्हणाली, आणि मी पुन्हा झाडाखाली बघितलं.

५

तिनं चौघांनाच तंबूत बोलावलं. क्रॉथर, दोन्ही अंपायर आणि मी.

"आपण सगळे एकच प्रश्न विचारत बसलो," ती म्हणाली. "चेंडू कुणी टाकला? साप म्हणून भुई धोपटली. गावात एकच चेंडू असतो, तो कायम खेळात असतो, म्हणून आपल्याला दुसरा प्रश्न सुचलाच नाही. दोन चेंडू असले की एक खेळात असतो. दुसरा कुठे असतो? आरुआ, सांग गं."

"अंपायरच्या खिशात," आरुआ म्हणाली. "त्या त्या टोकाच्या."

"हेनाओच्या हातात चेंडू पांढरा. त्याच्या पॅंटला डाग नाही. रेनागीनं पुसून दिला तेव्हा पांढरा. त्यानंतर पूर्ण एक षटक तो खिशात होता, आणि खिशातून निघाला तो लाल होऊन. त्याच्यावर कापडाचा ठसा घेऊन. आरुआ, तुझा चेंडू कुठल्या खिशात होता?"

आरुआनं दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. एक पेन, दोन गोड गोळ्या आणि मोबाइल.

सगळ्यांची नजर डीकनकडे गेली. क्रॉथरनं तोंड उघडलं, आत्यानं हात वर करून त्याला थांबवलं.

"मी आता मॅजिस्ट्रेट नाही, सिसिया. मला तुझा खिसा तपासता येत नाही, आणि आला असता तरी तपासला नसता. एका गल्लीत वाढलो आपण. तू नाही म्हणालास तर नाही. हेनाओचं नाव काढू आणि घरी जाऊ."

डीकन सिसिया साठीला टेकलेला, उंचपुरा माणूस. गावातली निम्मी लग्नं त्याच्या प्रार्थनेनं लागली आहेत. त्यानं बाहेर बघितलं. तिथे बोइओ परत आली होती. मुलापासून हातभर दूर, पण त्याच बाकावर बसली होती.

डीकननं डाव्या खिशात हात घातला आणि रुमाल बाहेर काढला. ओला, चुरगळलेला आणि लालेलाल.

"उजव्या खिशात षटक मोजायच्या कवड्या असतात," तो हळूच म्हणाला. "डाव्यात हा. मैदानात थुंकता येत नाही ना. एकच चेंडू असायचा, तो खिशात जायचाच नाही, म्हणून कधी... आज शेवटपर्यंत मी धीर धरला होता. पण सामना असा अटीतटीला आला, गेउआ! दहा धावा हव्या, दोन गडी बाकी. राहवेना मला. हेनाओच्या त्या षटकाआधी एक तुकडा गालात धरला. षटक संपल्यावर तोंड रुमालात मोकळं केलं, आणि घाईत चेंडूही तिथेच..."

"आणि दर रविवारी सैतानाचा झोपाळा?" मी न राहवून विचारलं.

"शनिवारी कोळशानं दात घासतो," डीकन म्हणाला. "प्रवचन मी खरंतर स्वतःलाच देत असतो रे. सुटत नाही. चेंडू खिशातून काढला आणि डाग दिसला, तेव्हा जीभच टाळ्याला चिकटली. पोराचं नाव निघालं तरी मी गप्प बसलो. लाज वाटते मला."

क्रॉथर डीकनकडे बघत होता. मग त्याचे खांदे हलू लागले. आधी मला वाटलं संतापानं, पण तो हसत होता, खुर्चीची पाठ धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आरुआला हसू आवरेना. शेवटी स्वतः डीकनसुद्धा हसला, आणि त्याचे ते लाल दात मी जन्मात पहिल्यांदा पाहिले.

"हसून सुटका नाही," आत्या म्हणाली. "शिक्षा आहे."

६

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा हनुआबाडाच्या लाकडी वाटांवर पाय ठेवायला जागा नव्हती. पाण्यावरच्या घरांचे ओटे माणसांनी वाकले होते. पोरं छपरांवर चढली होती, ढोल तयार होते, आणि बायकांच्या हातांत पावडरचे डबे होते. आमच्याकडे आनंद झाला की माणसाला पावडरनं माखतात, मग तो कोण का असेना.

दरवर्षी नावं मी वाचतो. या वर्षी डीकन सिसिया पुढे आला. आत्याची शिक्षा तीच होती, तोंड न धुता, मोठ्यानं, हसून नावं वाचायची.

आधी त्यानं काय घडलं ते सांगितलं. काही वगळलं नाही, स्वतःचं गप्प बसणंही नाही. मग इगो कुठूनसा ओरडला, "डीकन, सैतानाला झोका द्या!" आणि अख्खा गाव हसत सुटला. डीकनची बायको मेआ पहिल्याच रांगेत होती.

"मला विचारलं असतं तर दुपारीच सांगितलं असतं!" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "एवढी वर्षं रुमाल कोण धुतंय याचे?"

काखेत कळसा म्हणतात तो असा. आत्याचं तोंड इतकं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मग तीच सगळ्यांत मोठ्यानं हसली.

नावं सुरू झाली. प्रत्येक नावाला ढोल, प्रत्येक नावाला आरोळ्या. शेवटचं नाव आलं तेव्हा डीकननं कागद खाली केला.

"चौथा वेगवान गोलंदाज... हेनाओ."

रेनागी वाटेच्या कडेला पाय सोडून बसला होता. तो क्षणभर पाण्याकडे बघत राहिला, वाईट तर वाटणारच. मग उठला, गर्दीत घुसला आणि हेनाओला खांद्यावर उचलून पुढे घेऊन आला. क्रॉथरनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, पुढच्या दौऱ्याचं असावं. रेनागी एवढा दिलखुलास हसताना मी तेव्हाच पाहिला.

बोइओ पावडरचा डबा घेऊन आली. आधी तिनं डीकनच्या डोक्यावर भरपूर ओतली आणि त्याची पाठ थोपटली. मग ती मुलासमोर उभी राहिली. हेनाओ ओठ घट्ट मिटून उभा होता.

"उघड तोंड."

त्यानं उघडलं. लाली अजून पुरती गेली नव्हती.

"चेंडूला लावली नाहीस, ते कळलं," बोइओ म्हणाली. "पण मला दिलेला शब्द मोडलास. मी एकाला या तोंडापायी पुरलंय. दुसऱ्याला पुरणार नाही. मला म्हातारी होईपर्यंत तुझी गोलंदाजी बघायचीय, कळलं? आजची शेवटची?"

"शेवटची."

"मला नको सांगू. यांना सांग."

"शेवटची!" हेनाओ बेंबीच्या देठापासून ओरडला, आणि ढोल एकदम सुरू झाले.

तिनं उरलेला डबा त्याच्या डोक्यावर उपडा केला. आणि देशाचा चौथा वेगवान गोलंदाज सगळ्या गावासमोर आईच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला.